बॉक्स वे की एलएम गाईड? कोकणातल्या वर्कशॉपसाठी

लेथसारख्या मशीनचा हलता भाग ज्या मार्गावरून सरकतो, त्याचे हे दोन प्रकार. बॉक्स वेमध्ये बेडवरच्या (मशीनच्या पायावरच्या) स्क्रेप केलेल्या, म्हणजे खरवडून सपाट केलेल्या, रुंद पट्ट्यांवरून सॅडल (तो हलता भाग) तेलाच्या थरावर सरकतं. स्पर्शाचं क्षेत्र मोठं, म्हणून जड कट घेतानाची थरथर छान जिरते. पण घर्षण जास्त. अगदी हळू सरकवताना सॅडल अडकत-सुटत पुढे जातं आणि बारीक माप हुकतं.

एलएम (लिनिअर मोशन) गाईडमध्ये रेलवरून ब्लॉक सरकतो. त्या ब्लॉकमध्ये कडक पोलादी गोळ्या रेलच्या खाचांतून गडगडत जातात, टोकाच्या कॅपमध्ये वळून पुन्हा मागे येतात. घर्षण सरकत्या मार्गाच्या सुमारे 1/50. वेग मिळतो, अचूकता मिळते, झिजल्यावर रेल-ब्लॉक बदलताही येतो. धडक मात्र सोसत नाही. गोळ्यांचे खड्डे रेलवर उमटतात.

लोटे असो वा रत्नागिरी, आपला खरा शत्रू खारी, दमट हवा. गणपतीत मशीन बंद राहतंच, तेव्हा उघड्या रेलवर गंज धरतो. त्याचा कण ब्लॉकमध्ये शिरला की खरखर सुरू. बॉक्स वेही गंजतो, पण तो स्क्रेप करून सुधारता येतो.

हलक्या, वेगवान कामाला मी एलएमच घेईन, तीही क्रोम लेपाची रेल आणि चांगले वायपर (रेल पुसत जाणाऱ्या ब्लॉकच्या पट्ट्या) बघून. सुट्टीआधी ग्रीस भरायचंच. बोटींचे शाफ्ट, बिडाचे जड भाग करणाऱ्याने मात्र बॉक्स वेच घ्यावा.