तीन मजली खतमाठ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायला एकावर एक तीन मडकी, वर झाकण, अंगाला हवेची भोकं. वरच्या दोघांना बूड नाही, तिथे सुतळीची जाळी विणलेली; सगळ्यात खालचं बुडासकट. वरचं भरलं की मधल्याशी अदलाबदल, दोन्ही भरली की जुना माल खाली ओतायचा, एवढीच रीत. विकणारे म्हणतात, कचरा टाकत राहा, खत आपोआप होतं. पानगळ, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही पाहून झाल्यावर मत असं, की मडकी हा यातला सोपा भाग. सगळी मदार सुक्या पाल्यावर.

भाजीच्या सालीदेठांत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. ते शोषायला काही नसलं की माल चिकट होतो, हवा अडते आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर कारण वेगळं : हिरवा माल जास्त, सुका कमी. दोन्हींवर उपाय एकच, पाला घालून खुरप्याने तळापर्यंत हलवणं. वाटीभर कचऱ्याला वाटीभर चुरलेला पाला हे किमान. कलिंगड-टरबुजाच्या दिवसांत दुप्पट. मूठभर माल घट्ट पिळून पाहावा. एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला हवा, मूठ सोडताच भुगा झाला तर पाण्याचा हबका.

हा पाला मिळतो जानेवारी ते मार्चमध्ये आणि खरा लागतो जुलैत. पानगळीतच पोती भरून ठेवली नाहीत तर पावसाळ्यात विकतच्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, भागवावं लागतं. चौघांच्या घराला चार महिन्यांसाठी चुरून, दाबून भरलेली दोन ते तीन पोती लागतात. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सर्वांत उत्तम. बदामाची मोठी पानं अखंड घातली तर ताटलीसारखी एकमेकांवर बसतात आणि मधे पाणी साचतं, म्हणून आधी चुरा. आंब्याची पानं चिवट, महिनोन्‌महिने तशीच. प्लायवूडचा भुसा घालू नये, त्यात गोंद असतो.

चिलटं होतात ती फळांच्या सालींवर. वर दोन बोटं पाल्याचा थर आणि कडेपर्यंत बसणारं झाकण पुरतं. राखाडी-तपकिरी, जाड अळ्या दिसल्या की बरेच जण माठच काढून टाकतात. काळ्या सैनिक माशीच्या या अळ्या घरात उपद्रव करत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. माल ओला किंवा शिजलेलं अन्न जास्त झालं की त्या वाढतात. नको असतील तर माल सुका करा.

विरजणाला विकतची पावडर लागत नाही. ओंजळभर जुनं खत किंवा थोडं शेण पुरे, आंबट ताकाचा हबकाही चालतो. आंब्याच्या कोयी, नारळाची शेंडी, हाडं घालू नयेत. फळांवरचे स्टिकर प्लॅस्टिकचे असतात, ते आधी काढा. चहाच्या पुडीची (टी-बॅगची) जाळीही बहुधा प्लॅस्टिकचीच, आतला चोथा तेवढा घ्यावा. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते, माठात त्या जशाच्या तशा राहतात.

माठ तेवढा तापत नसल्याने बियाही मरत नाहीत. कुंडीत टोमॅटो, मिरची, भोपळा न लावता उगवतो. काहींना ही गंमत वाटते, गुलाबवाल्यांना वैताग.

उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत खत होतं, पावसाळ्यात तीन लागतात. काळसर रंगावर विश्वास ठेवू नका. मूठभर ओलसर खत पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून कच्चं आहे, त्याने मुळं भाजतात. मातीचा वास आला तर चाळून एक भाग खताला तीन भाग माती.

वस्तूचे दोष दोनच, पण ठळक. सुतळी पाच-सहा महिन्यांत कुजते आणि अदलाबदल करताना सगळा माल खाली येतो. नायलॉनची दोरी पहिल्याच दिवशी विणून घ्यावी. भरलेलं ओलं मडकं कडेला धरून उचललं की काठ तडकतो, म्हणून आधी निम्मा माल घमेल्यात काढायचा. बाहेरून येणारे पांढरे डाग क्षारांचे, त्यांनी काही बिघडत नाही. माठ विटांवर ठेवा आणि पावसाच्या झडीपासून आत ओढा, कारण भोकांतून शिरलेलं पाणी सुकवायला आठवडाभराचा पाला खर्ची पडतो.