धनुष्याच्या कॅमेरा माउंटसाठी ‘चेकिंग चार्ज’ मागितला तर एक रुपयाही देऊ नका

माउंटचे 4,799, कुरिअरचे 150, मग ‘चेकिंग चार्ज’ 1,180, मग ‘बदली डिपॉझिट’ 2,500. एकूण 8,629 रुपये ऑनलाइन माउंट विकणाऱ्या माणसाच्या घशात गेले. वर धनुष्याचे आटे दुरुस्त करायला 1,400. आकडे मुद्दाम देतोय, कारण हाच माणूस नाव बदलून आज दुसऱ्या कुणा पालकाला हेच आकडे सांगत असणार.

मुलगी कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याची धनुर्विद्या खेळते. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले, त्यानंतर आमच्या भागातली कितीतरी पोरं कंपाउंडकडे वळली. पतसंस्थेचं कर्ज काढून धनुष्य घेणारे पालक आहेत. या ठगांना असेच पालक हवे असतात. आमच्या तालुक्यात धनुर्विद्येच्या सामानाचं एक दुकान नाही. लाखाच्या वर किमतीचं धनुष्य फोटो बघून मागवावं लागतं, तिथे माउंटवर संशय कशाला येईल?

तिचे सर दूर राहतात. अँकर (दोरी ओढून हात चेहऱ्याशी टेकतो ती जागा) आणि रिलीज (दोरी सोडणं) समोरून दिसला तर चूक पटकन सापडते, म्हणून धनुष्यावरच तिच्याकडे तोंड करून कॅमेरा बसवायचा होता, फक्त सरावासाठी. स्पर्धेत धनुष्यावर इलेक्ट्रॉनिक वस्तू चालत नाही. जो विक्रेता ‘स्पर्धेतही चालतं’ म्हणेल, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्याचा तोल सांभाळणारा दांडा, जिथे बसतो त्याच भोकात माउंट बसवायचं होतं. त्या भोकाचे आटे 5/16-24 असतात, म्हणजे 5/16 इंच जाडी आणि इंचाला 24 आटे. विक्रेत्याला मी लेखी विचारलं होतं. ‘येस सर, सेम थ्रेड, सीएनसी अ‍ॅल्युमिनियम’ असं उत्तर आलं, सोबत व्हिडिओ. त्यात एक हात बोल्ट भोकाला लावतो, एक फेरा देतो आणि चित्र तुटतं. पुढच्या क्षणी कॅमेरा बसलेला. तो तुकडा मी नंतर इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटले तरी दिसतो. बोल्ट पूर्ण आत गेलेला दाखवलाच नव्हता! तिथेच सगळं उघडं पडलं होतं. पण मी विचारलेलं, उत्तर लेखी मिळालेलं, वर व्हिडिओ. गिऱ्हाइकाने आणखी काय करायचं? लेथवर जाऊन बसायचं?

डब्यात आला तो साधा एम-8 बोल्ट. आमच्या एमआयडीसीतल्या टर्नरने पिच गेज लावून दाखवलं. 5/16 म्हणजे 7.94 मिमी आणि हा 8 मिमी, डोळ्यांना फरक कळत नाही. पण आट्यांमधलं अंतर तिकडे 1.06 मिमी आणि याचं 1.25. त्यामुळे सुरुवातीला बोल्ट धरतो, मग अडकतो आणि रायझरचे, म्हणजे धनुष्याच्या मधल्या भागाचे, आटे खातो. बोटाने फिरत नसेल तर पाना लावू नका. पोरीच्या चेहऱ्यासमोर पन्नास पौंडांच्या धक्क्याने हे सुटलं असतं तर, या विचाराने अजून संताप होतो.

तक्रार केल्यावर तो अगदी गोड बोलला. माल परत ‘चेक’ होणार, त्याचे 1,000 अधिक 180 जीएसटी, सगळं परत मिळेल. बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता. क्यूआर कोडवर दुकानाचं नाव नाही, कुणा भलत्याच माणसाचं. दोन्ही आधी बघा. मग बदली माउंटसाठी म्हणून डिपॉझिट घेतलं आणि ते गेल्यावर नंबर ब्लॉक.

आणि मग आपली यंत्रणा! पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘धनुष्याचा परवाना आहे का?’ खेळाचं साहित्य आहे हे समजावण्यात अर्धी सकाळ गेली. मग म्हणे, वस्तू तर मिळाली ना, मग फसवणूक कसली, ग्राहक आयोगात जा. भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 काय शोभेसाठी आहे? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. कुरिअरवाला पाठवणाऱ्याचा पत्ता देईना, पोलिसांचं पत्र आणा म्हणाला. पोलीस म्हणाले, आधी पत्ता आणा. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत शुल्क नाही हे खरं, पण समोरच्याचा पत्ता नसेल तर नोटीस कुणाला काढणार? ऑनलाइन तक्रारीवर शेवटी ‘निकाली’ असा शेरा. कुणी फोनसुद्धा केला नाही. आठ हजार त्यांना किरकोळ वाटतात. आमच्या घरात तेवढ्यात पोरीचे बाण येतात.

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उद्यावर टाकू नका. माउंट घ्यायचंच असेल तर बोल्ट शेवटपर्यंत आत जाताना एकसलग, न तोडलेला व्हिडिओ मागा. डबा उघडताना स्वतःचाही काढा. आणि ज्यांच्याकडे असा बोल्ट आधीच आलाय त्यांनी तो, डबा आणि कुरिअरची चिठ्ठी टाकून देऊ नका. आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. चार जिल्ह्यांतून तोच यूपीआय क्रमांक पुढे आला, तर ‘किरकोळ रक्कम’ म्हणून कुणाला हाकलता येणार नाही.