नॅनो-नक्षीसाठी गोळे की ब्लॉक कोपॉलिमर? सोलापुरातून प्रकल्प करणाऱ्यांसाठी

नॅनोमीटरच्या मापाची नक्षी काढायच्या दोन वाटा: पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म गोळे, किंवा ब्लॉक कोपॉलिमर, म्हणजे दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडून बनलेला लांब रेणू. दोन्ही वाटांत लिथोग्राफी (प्रकाशाने किंवा इलेक्ट्रॉनने आखणी) फक्त चर आखून देते. आतली मांडणी कण किंवा रेणू आपली आपण करतात. मागावर ताणा बिघडला की चादरीची नक्षी बिघडते, तसं इथे सगळं चराच्या रुंदीवर.

ब्लॉक कोपॉलिमर (पीएस-पीएमएमए, म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक) 28 नॅनोमीटरच्या आसपास अंतराच्या रेघा देतो. चर या अंतराच्या पूर्ण पटीत हवा; अर्ध्या पटीची चूक झाली की रेघा तुटतात. म्हणजे चर आखायला इलेक्ट्रॉनच्या झोताने लिहिणारं इलेक्ट्रॉन-बीम यंत्र आलं. खाली दोन्ही घटकांना सारखाच वागवणारा थर नसेल, तर पापुद्रे उभे न राहता आडवे पडतात. वर 230 ते 250 अंशांवर तापवणं, तेही नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात.

गोळ्यांचं गणित सोपं आहे: एकमेकांच्या खाचेत बसलेल्या रांगांमधलं अंतर व्यासाच्या 0.866 पट असतं. व्यास 500 नॅनोमीटर आणि 6 रांगा धरल्या, तर रुंदी = 500 × (1 + 5 × 0.866), म्हणजे सुमारे 2.67 मायक्रॉन. एवढं साधा मास्क अलाइनरही (मास्कमधून प्रकाश टाकून नक्षी उतरवणारं यंत्र) काढतो! सिलिकॉनवरच्या 300 नॅनोमीटर ऑक्साइडमध्ये बीएचएफने (बफर्ड हायड्रोफ्लोरिक आम्लाने) चर खोदा, पण मास्क 2.07 मायक्रॉनचाच ठेवा; आम्ल खाली जाईल तेवढंच दोन्ही बाजूंनाही खातं. उन्हाळ्यात खोली तापलेली असली की खोदाईचा वेग वाढतो, म्हणून त्याच दिवशी चाचणीचा तुकडा खोदून वेळ ठरवा. भांडं टेफ्लॉनचं, काचेचं नाही. शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ठेवल्याशिवाय बाटली उघडू नका.

रेझिस्ट (नक्षी धरणारा प्रकाशसंवेदी लेप) काढा, सिलिकॉनची चकती जलस्नेही (पाणी पसरेल अशी) करा, मग पाण्यातल्या गोळ्यांचा थेंब सोडा. इथेच सोलापूरची कोरडी हवा नडते: थेंब कडेने झपाट्याने वाळतो, गोळे काठाशी दोन-तीन थरांत साचतात आणि मध्ये टक्कल पडतं. झाकणाच्या डब्यात ओलं फडकं ठेवून सावकाश वाळवा. गोळ्यांच्या आकारात 5 टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर चर कितीही नेमका असो, रांगा मोडतात. स्वस्तातली बाटली इथेच महाग पडते.

गोळ्यांमधल्या फटींत धातू बाष्पीभवनाने चढवा. स्पटरिंगमध्ये (आयनांच्या माऱ्याने धातू उडवून चढवताना) तो गोळ्यांच्या पोटाखाली शिरतो. मग टोल्युइनमध्ये अल्ट्रासॉनिकने गोळे काढले की व्यासाच्या 0.233 पट, म्हणजे साधारण 116 नॅनोमीटर बाजूचे धातूचे त्रिकोण उरतात.

30 नॅनोमीटरच्या आतल्या रेघाच हव्या असतील, तर या दोन वाटांत कोपॉलिमरच घ्यावा लागेल. मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठून आयआयटीच्या सुविधेत काम करण्याची तयारी ठेवा. प्रकाशीय संवेदक किंवा पृष्ठभागावरचं रामन (धातूच्या नक्षीवर रेणू ओळखणारी प्रकाश-चाचणी) हा विषय असेल, तर गोळेच घ्या.