आठ महिने, अकरा डिस्क आणि एक बुडखा

गेल्या ऑगस्टपासून जुने वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळांवरच्या गोष्टींचे, सिनेमे जमवतोय. तयार संच नाही, सुटे, एकेक. काही इथल्याच ऑनलाइन विक्रेत्यांकडून घेतले, काही आतेभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा त्याच्या बॅगेतून आले. अकरा डिस्क झाल्यात, दहा पाहून झाल्या, त्यातल्या चार दोनदा. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं 'काय ते डोंगर!' एवढंच लिहिलं असतं. म्हणून थांबलो.

घेताना एकच अट ठेवली होती. बँकलुटारू, शेरीफ, भर दुपारचं द्वंद्व नको. बिऱ्हाड घेऊन माळावर आलेली माणसं हवीत, घर बांधणारी, हिवाळा काढणारी. याचं कारण अण्णा, म्हणजे आमचे वडील. जामखेडकडची कोरडवाहू शेती उभा जन्म केलेला माणूस, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे येऊन बसलाय आणि मालिकांना विटलाय. इंग्रजी येत नाही. मी मध्ये मध्ये थांबवून सांगतो, पण खरं तर फारसं सांगावं लागत नाही.

आधी कटकटीचं उरकून घेतो. अमेरिकेतून डिस्क आणणार असाल तर विभाग बघा, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते ते. डीव्हीडीच्या हिशेबात अमेरिका १ मध्ये, आपण ५ मध्ये. ब्लू-रेला त्यांचा 'ए', आपला 'सी'. भावाने आणलेल्या पहिल्या दोन डिस्क माझ्या प्लेअरने सरळ नाकारल्या. शेवटी सगळे विभाग चालणारा प्लेअर घेतला, म्हणजे सिनेमांपेक्षा प्लेअर महाग पडला. इथल्या एका विक्रेत्याने तर चक्क घरी छापलेली नक्कल पाठवली. वेष्टन झकास, आत चित्र असं की घोडा कुठला आणि खडक कुठला कळेना. पैसे परत मिळायला सात आठवडे लागले. आणि टीव्हीचं सेटिंग ४:३ वर ठेवा. १९५३ च्या आधीचे बहुतेक सिनेमे त्याच चौकटीचे आहेत. पडदा भरावा म्हणून ताणलेत तर सगळे नायक बुटके आणि सगळे बैल लठ्ठ दिसतात.

आता सिनेमे.

पहिला लावला तो 'शेन', १९५३ चा, जॉर्ज स्टीव्हन्सचा. वायोमिंगच्या टीटन डोंगररांगेखाली काढलेला, रंगीत छायाचित्रणाचं ऑस्कर मिळवलेला. गोष्ट साधी आहे: मोकळ्या माळावर गुरं सोडणारा जुना जमीनदार विरुद्ध कुंपण घालून शेती करणारी चार-सहा कुटुंबं, आणि मध्ये कुठूनसा आलेला एक घोडेस्वार. लोक यातला बंदूकबाज लक्षात ठेवतात. आमच्या घरात लक्षात राहिला तो बुडखा.

अंगणाच्या मधोमध एका जुन्या झाडाचा भलामोठा बुडखा आहे. शेतकरी कधीचा त्याच्यावर कुऱ्हाड चालवतोय, तो हलत नाही. पाहुणा जेवण झाल्यावर काही न बोलता उठतो, कुऱ्हाड घेतो आणि घाव घालायला लागतो. थोड्या वेळाने शेतकरी समोरच्या बाजूने. संवाद जवळजवळ नाहीच. एकाचा घाव, दुसऱ्याचा घाव, घाम, तुटणाऱ्या मुळ्या. बायको म्हणते घोडे जुंपा की, तर नवरा ऐकत नाही. शेवटी दोघं खांदा लावून तो उपटतात. अण्णा पुढे सरकून बसले होते. "बाभळीचा असता तर अजून दोन दिवस गेले असते," म्हणाले. मग त्यांनी विचारलं, बायको सांगतेय ते बरोबर आहे, हा घोडे का जुंपत नाही? मी म्हटलं, इरेला पेटलाय. "हां," म्हणाले आणि त्या शेतकऱ्याला सिनेमाभर 'इरेवाला' हेच नाव पडलं.

दुसऱ्यांदा पाहताना मला टेकडीवरचं दफन जास्त भिडलं. मेलेल्याचा कुत्रा पेटीपाशी घुटमळतोय, मागे बर्फाचे डोंगर, आणि उरलेल्यांच्या मनात एकच, गाड्या भरून निघून जावं. तेवढ्यात दूर खाली कुणाचं तरी घर पेटलेलं दिसतं आणि सगळे विझवायला धावतात. बंदुकीच्या आवाजाबद्दल सूचना: स्टीव्हन्सने तो मुद्दाम तोफेसारखा दणदणीत ठेवलाय. रात्री शेजारी झोपले असतील तर आवाज आधीच कमी करा. आमच्याकडे दार वाजलं होतं.

अण्णांचा दुसरा प्रश्न मात्र मला आठ महिने पुरला. "सातबारा कुणाच्या नावावर?" म्हटलं तर साधा प्रश्न. उत्तर असं की १८६२ च्या होमस्टेड कायद्याने किरकोळ शुल्क भरून १६० एकर मिळायचे. पाच वर्षं तिथे राहून जमीन कसून दाखवायची, मग मालकी. अण्णांना हे पसंत पडलं. पाच मिनिटांनी म्हणाले, "आणि सरकारकडं कुठून आली?" या बाबतीत हे सिनेमे गप्प असतात. फार तर डोंगरावर रांगेत उभे राहिलेले घोडेस्वार, तोंडाला रंग, पाठीमागे ढोल. मूळ रहिवाशांना स्वतःचं घर, चूल, लेकरं आहेत हे या काळातल्या फार थोड्या सिनेमांना दिसतं. पहिल्या महिन्यात मला हे खटकलं नव्हतं. आता प्रत्येक वेळी खटकतं, आणि विकत घेणाऱ्याने हे माहीत असूनच घ्यावं.

जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स'मध्ये (१९५६) तर कोमांची या मूळ रहिवाशांच्या जमातीतल्या सरदाराच्या भूमिकेत जर्मनीत जन्मलेला नट आहे आणि त्याच्या टोळीतले लोक नावाहो या दुसऱ्याच जमातीचे आहेत, कारण चित्रीकरण नावाहोंच्या भूमीत, मॉन्युमेंट व्हॅलीत झालं. गोष्ट टेक्सासची, १८६८ ची. डोंगर अॅरिझोना-यूटाच्या सीमेवरचे. त्या तांबड्या वाळूत एकटं घर बघून अण्णा म्हणाले, "गुरं खातात काय?" खरंच, गवताची काडी नाही. फोर्डला चित्र हवं होतं, शेती नाही. पण याच सिनेमात कोमांचींच्या हल्ल्याआधीची जी संध्याकाळ आहे, तशी मी दुसरीकडे पाहिली नाही. आकाश लाल, आवाज बंद. बाप रानपाखरं मारायला जातो असं सांगून बंदूक घेऊन बाहेर. आई दिवा लावू देत नाही. मोठ्या मुलीच्या एकदम ध्यानात येतं आणि ती किंचाळते. आई तिला थोबाडीत मारते. धाकटीला घोंगडी देऊन आजीच्या थडग्यापाशी लपायला पाठवतात. एकही गोळी नाही, एकही शत्रू नाही, आणि आमच्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. पुढचा पळवलेल्या मुलीचा शोध मला लांबलेला वाटतो. विनोदी तुकडे तर सरळ पुढे ढकलतो.

सगळ्यात जास्त वसूल झालेली डिस्क म्हणजे विल्यम वेलमनचा 'वेस्टवर्ड द विमेन', १९५१ चा. नाव फारसं ऐकलेलं नसेल. शिकागोहून शंभराच्या वर बायका कॅलिफोर्नियाच्या एका खोऱ्यात नांदायला निघतात. वाटेत बहुतेक पुरुष पळून जातात किंवा मरतात आणि बायकांनाच गाड्या हाकायला शिकावं लागतं. गाडीत एक बाळंत होतेय आणि चाक मोडतं, तेव्हा बाकीच्या बायका गाडीखाली हात घालून ती तोलून धरतात, बाळ रडेपर्यंत. हल्ल्यानंतर मेलेल्यांची नावं एकेक करून मोठ्याने पुकारतात आणि ती डोंगरात घुमतात. बायकोने हा तीनदा पाहिला. एरवी ती आमच्या 'घोड्यांच्या पिक्चर'कडे ढुंकून बघत नाही.

चाकाचं निघालंच म्हणून. या सिनेमांत घोडे जरा जास्तच दिसतात. पश्चिमेकडे वसायला निघालेल्यांच्या ओरेगॉनच्या वाटेवर, सुमारे ३,२०० किलोमीटर आणि चार ते सहा महिने, बहुतेक गाड्या प्रत्यक्षात बैलांनी ओढल्या. माणसं बाजूने पायी चालत. हल्ल्यांपेक्षा कॉलऱ्याने कितीतरी जास्त मेली. झाड नसलेल्या माळावर स्वयंपाक गव्यांच्या वाळक्या शेणावर, म्हणजे आपल्या रानशेण्यांवर. रात्री गाड्यांचं रिंगण करत ते मुख्यतः जनावरं आत राखायला. कोरड्या हवेत लाकूड आकसून चाकाची लोखंडी धाव सैल व्हायची, मग चाक नदीत भिजत घालायचे. हे मी कुठेतरी वाचून अण्णांना ऐटीत सांगायला गेलो. "मग? उन्हाळ्यात आम्ही काय करायचो?" एवढंच म्हणाले.

फोर्डचाच 'वॅगन मास्टर' (१९५०) छोटा आहे, कृष्णधवल, दीड तासाच्या आतला. यूटातल्या मोआबजवळ काढलेला. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं सान हुआन नदीच्या खोऱ्याकडे निघालीत आणि त्यांचा जीव कशात असेल तर बियाण्याच्या गव्हात. शेवटी माणसं फावड्यांनी डोंगर उकरून गाडीवाट काढतात. प्रत्यक्षातले मॉर्मन १८७९-८० मध्ये त्या खोऱ्याकडे गेले तेव्हा सहा आठवड्यांची वाट सहा महिन्यांची झाली होती. नावाहोंशी इथे लढाई होत नाही, दोन्हीकडचे लोक शेकोटीभोवती एकत्र नाचतात, म्हणून वरच्या तक्रारीला हा थोडा अपवाद. पहिल्यांदा मला मिळमिळीत वाटला. आता कुणी विचारलं तर दुसरा हाच लावा म्हणतो.

'जेरेमाया जॉन्सन' (१९७२) थंडीत पाहा. निखारे मातीत पुरून वर अंथरूण घालण्याचा धडा आणि माती कमी पडल्यावरची फजिती, एवढ्यासाठी तरी. १९२८ चा मूकपट 'द विंड' मात्र एकट्याने पाहिलात तर बरं. मोहावीच्या वाळवंटात विमानाचे पंखे लावून उडवलेली वाळू आहे, नायिका लिलियन गिश आहे आणि पुरलेलं वाऱ्याने उघडं पडतं. अण्णा अर्ध्यातून उठून गेले, "हे नको" म्हणून. ७२ च्या दुष्काळातली धूळ त्यांच्या डोक्यात अजून आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

बाकीच्या चार डिस्क ठीकठाक, त्यावर वेळ घालवत नाही. मराठी सबटायटल कशालाच नाहीत, हिंदीही नाहीत. 'शेन'च्या डिस्कवर ओरखडा पडलाय, बुडख्याच्या प्रसंगाच्या जरा आधी चित्र दोन सेकंद अडकतं. तिथे अण्णा रिमोट माझ्या हातातून काढून घेतात आणि बटण दाबतात.

अकरावी डिस्क, १९३० चा 'द बिग ट्रेल', अजून पाकिटातच आहे. शनिवारी लावीन. अण्णांनी आत्ताच विचारून घेतलंय की यात तरी बैल आहेत ना.