घराची सुरक्षा बसवून देणाऱ्यानेच घर साफ केलं

सुट्टीवर जाण्याआधी कॅमेरे आणि नवीन कुलूप बसवून घ्यायचा विचार असेल, तर आमच्या बाबतीत काय झालं ते आधी वाचा. आमचं घर कोणी फोडलं नाही. किल्लीने उघडलं, कपाटं रिकामी केली आणि जाताना दार नीट लावूनही घेतलं.

माणूस बोलायला नम्र, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील पावतीपुस्तक. या भागातल्या घरांची मोफत सुरक्षा तपासणी करतोय, असं म्हणाला. दाराची चौकट तपासली आणि कुलपाची जीभ जिच्यात अडकते त्या पट्टीचे स्क्रू किती आखूड आहेत ते काढून दाखवलं. एका लाथेत उखडतील, म्हणाला. ते खरंही होतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण फसवणाऱ्याला काम येत नसतं असा आपला समज असतो. याला काम उत्तम येत होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही.

पुढच्या दाराला त्याने नवीन कुलूप बसवलं. खोकं आमच्यासमोर आलं ते उघडूनच. त्यातून किल्ल्या किती निघाल्या हे त्याने सांगितलं, तेवढंच आम्हाला ठाऊक. मागच्या दाराचं कुलूप चांगलं आहे, बदलू नका, असं म्हणत ‘रेकॉर्डसाठी’ त्याच्या किल्लीचा फोटो काढून घेतला. नुसत्या फोटोने काय होणार, असं वाटेल. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी २००८ मध्येच फोटोवरून किल्लीचे खाचे मोजून चालणारी दुसरी किल्ली बनवता येते, हे दाखवून दिलं होतं. त्यांनी एक फोटो तर सुमारे ६० मीटर लांबून, इमारतीच्या गच्चीवरून काढला होता. इथे आमची किल्ली त्याच्या तळहातावर होती.

कॅमेऱ्यांचं ॲप त्याने आधी स्वतःच्या फोनवर सुरू केलं, कॅमेऱ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि मग आमच्या फोनवर ‘शेअर’ केलं. चित्र दिसायला लागलं की काम झालं, असंच कोणालाही वाटेल. पण अशा ॲपमध्ये मूळ खातं ज्याच्या नावावर, तो मालक. ज्यांना शेअर केलंय ते फक्त बघणारे. मालक लांब बसून रेकॉर्डिंग थांबवतो, जुन्या क्लिप पुसतो, तुमचं बघणंही बंद करतो. आणि घरात कोण कधी येतं-जातं हे त्याला आयतं दिसत राहतं.

मग त्याने विचारलं, कधी निघणार, कधी परतणार, मधे झाडांना पाणी घालायला कोणी येणार का? अलर्टच्या वेळा लावायला हे लागतं, म्हणाला. हा प्रश्न कोणाच्याही तोंडी आला की तिथेच काम थांबवा. अलर्टच्या वेळा तुम्हाला स्वतःला लावता येतात, त्यासाठी तुमच्या परतीची तारीख दुसऱ्या कोणाला कळायची गरज नसते.

सुट्टीत एका संध्याकाळी सगळे कॅमेरे एकदम ‘ऑफलाइन’ दिसायला लागले. त्यालाच फोन केला. ‘नेट गेलं असेल, आल्यावर राउटर बंद करून चालू करा,’ असं शांतपणे सांगितलं त्याने. नेट गेलंच नव्हतं, हे नंतर नेट पुरवणाऱ्यांकडून कळलं. कॅमेरा कंपनीनेही लेखी कळवलं की कॅमेरे मूळ खात्यातूनच बंद केले गेले होते, आणि ते खातं आमचं नव्हतं. तोवर त्याचा फोन बंद झाला होता. पावतीवरच्या पत्त्यावर तसलं दुकानच नव्हतं.

खरा मनस्ताप त्यानंतर सुरू झाला. घरफोडीच्या अनेक विमा पॉलिसींमध्ये जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा असाव्या लागतात, आमच्याही पॉलिसीत ती अट होती. दार शाबूत, कडी शाबूत, कुलपावर ओरखडा नाही. चोरी झाली हे पोलीस मान्य करतात, पण भरपाईचा दावा अडकून पडला आहे. घरातली माणसं एकमेकांना ‘किल्ली कोणाकडे होती’ असं विचारायला लागतात, ते वेगळंच. तो पुढच्या दाराने आला की मागच्या, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

कुलूप स्वतः विकत आणा आणि सीलबंद पाकीट स्वतः फोडा. काही कुलपांसोबत कोड असलेलं कार्ड मिळतं, त्यावरून जादा किल्ल्या बनवता येतात. ते बसवणाऱ्याच्या हाती देऊ नका. घरातल्या कुठल्याच किल्लीचा फोटो काढू देऊ नका. कॅमेऱ्याचं खातं तुमच्या फोनवर, तुमच्या ईमेलवर उघडा आणि मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ या व्हायरसने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून.

कॅमेरे आधीच बसवलेले असतील तर ॲपमध्ये डिव्हाइसची माहिती उघडून मालक कोण आहे ते आजच बघा. तुमच्या नावापुढे ‘शेअर्ड’ असं दिसलं, तर नुसतं रीसेट करून भागत नाही. बऱ्याच कंपन्यांचे कॅमेरे जुन्या खात्यातून काढल्याशिवाय नव्या खात्याला जोडलेच जात नाहीत. बसवणाऱ्याला समोर बसवून ते काढायला लावा, किंवा खरेदीची पावती दाखवून थेट कंपनीकडून काढून घ्या. आणि तो टाळाटाळ करायला लागला, तर निघण्याआधी कुलूपही बदला.