तारापोर साहेबांचा रणगाडा आणि माझे ४७,९९० रुपये

मी केलेलं रणगाड्याचं मॉडेल विकायला काढलं आणि फोनवरच्या एका भामट्याने मला ४७,९९० रुपयांना फसवलं. दोन महिने झाले, घरच्यांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण मागच्या आठवड्यात जे कळलं त्यानंतर गप्प बसणं बरोबर नाही, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय. स्केल मॉडेल (खऱ्या वस्तूची मापात लहान केलेली प्रतिकृती) करणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या प्रत्येकाने वाचा.

मी पंधरा वर्षं १/३५ चे, म्हणजे खऱ्याच्या पस्तीसाव्या हिश्शाचे रणगाडे करतोय. विकायला करत नाही, हौस आहे. हा सेंचुरियन (ब्रिटिश बनावटीचा रणगाडा) मात्र वेगळा होता. लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर, शिकले आपल्या पुण्यात, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानविरुद्ध फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही मागे गेले नाहीत, १६ सप्टेंबरला बुटूर डोग्रांडीला शहीद झाले, मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांचा रणगाडा ‘कूशाब’. भारतीय सेंचुरियनचं तयार किट मला मिळालं नाही म्हणून एएफव्ही क्लब कंपनीचं किट मागवलं आणि त्याच्यात बदल करत बसलो. किट ६,४०० रुपये, धातूची बॅरल १,३५०, ट्रॅकच्या सुट्ट्या कड्यांचा सेट २,१००, फोटोएच (धातूच्या पातळ पत्र्याचे बारीक भाग) १,२००, रंग-थिनर वेगळे. ११ महिने लागले.

टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचं असतं, गुळगुळीत ठेवलं तर प्लास्टिक दिसतं, म्हणून टामियाची पुटी थिनरमध्ये पातळ करून जुन्या टूथब्रशने ठोकून ठोकून खडबडीतपणा आणला. तोफेच्या बुडाशी जे कॅनव्हासचं कव्हर असतं ते टिश्यू पेपर आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने केलं, चारदा फाटलं, पाचव्यांदा सुरकुत्या मनासारख्या पडल्या. ट्रॅकच्या एका बाजूला शंभरावर कड्या, एकेक कापून, घासून, जोडून. ती लढाई उसाच्या शेतांतून झाली होती, त्यामुळे शेवटी वाळलेल्या गवताच्या पात्या बारीक चिरून उसाचं पाचट म्हणून डाव्या ट्रॅकमध्ये चिमट्याने अडकवल्या. हे सगळं सांगायचं कारण, १८,५०० रुपये किंमत लावली ती उगाच लावली नव्हती. आणि विकायला काढला कारण मुलीची फी भरायची होती. नाहीतर तो घरातून हलला नसता.

एका जाहिरातींच्या साईटवर शनिवारी रात्री टाकला. सहा फोटो, वर मोठ्या अक्षरात ‘सेंचुरियन, पूना हॉर्स, १९६५’. रविवारी संध्याकाळी ७:१० ला फोन. हिंदीत बोलणारा, आवाजात एकदम अदब. म्हणाला मी मेजर अमुक, नगरला पोस्टिंग आहे, आमच्या मेससाठी पाहिजे, सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांना भेट द्यायचाय.

आता पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. आर्मीवाला बनून क्यूआर कोड पाठवायचा हा धंदा जुना आहे, मला पण माहीत होता, पेपरात दहादा वाचलंय, सोसायटीच्या ग्रुपवर मीच एकदा त्याचा मेसेज फॉरवर्ड केला होता. पण ते लोक फ्रिज नाहीतर सोफा विकणाऱ्यांना फोन करतात असं डोक्यात बसलं होतं. रणगाड्याच्या मॉडेलला मेजरचा फोन येणं यात मला काही खटकलंच नाही, उलट वाटलं, बरोबर माणसाकडे चाललाय. नगरला आर्मर्ड कोअरचं, म्हणजे रणगाडा दलाचं सेंटर आहे, तिथलं टँक म्युझियम मी चार वेळा पाहिलंय, सेंचुरियनचे फोटो काढायला दिवसभर उन्हात उभा राहिलोय. तो म्हणाला नगर, आणि मी तिथेच विरघळलो. या लोकांना नेमकं हेच कळतं, समोरचा कशाला मान देतो.

आणि आता तो क्षण. रोज रात्री आठवतो. मी त्याला उत्साहाने सांगायला लागलो की बॅरल धातूची आहे, २० पाउंडर तोफेची, तर मधेच तोडून तो म्हणाला, ‘हां हां, तारापोर साहब वाला टैंक ना, इकहत्तर की लड़ाई वाला, वही चाहिए.’ इकहत्तर! मी म्हटलं, सर, पासष्ट. एकाहत्तरला बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल होते, त्यांचा रणगाडा ‘फामागुस्ता’. तो म्हणाला, ‘हां वही, पैंसठ, बोलने में गलती हो गई.’ आणि मी पुढे बोलत राहिलो!

मी स्वतः त्याची चूक दुरुस्त केली. अहो, रणगाड्यांच्या रेजिमेंटमधला मेजर, नगरला बसलेला, तारापोर साहेबांचं साल चुकेल? ते पण जाहिरातीत १९६५ डोळ्यांसमोर लिहिलेलं असताना? त्याने जाहिरात नीट वाचली पण नव्हती, नाव तेवढं उचललं होतं. चुकून एकदा कोणीही बोलेल, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. माणूस आदराने बोलत असला की आपण त्याच्या चुका आपणच झाकतो.

दुसरी गोष्ट, जी मॉडेलवाल्यांनी तरी लक्षात ठेवायलाच पाहिजे. त्याने पॅकिंगबद्दल एक शब्द विचारला नाही. पाठवायचं म्हटलं की खरा गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतो, अँटेना तुटेल का, ट्रॅक चिकटवलेत की फिरतात, थर्माकोलमध्ये देणार की लाकडी पेटीत. लांबी किती, शोकेसमध्ये बसेल का, रंगावर वार्निश मारलंय का. आणि घासाघीस करतो! १८,५०० ला सरळ हो म्हणणारा माणूस या हौसेत मी पंधरा वर्षांत पाहिला नाही. हा म्हणाला, ‘गाड़ी आ जाएगी कल सुबह, जवान लेके जाएंगे.’ झालं. वर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचं ओळखपत्र, कँटीन कार्ड, युनिफॉर्ममधला फोटो, मी न मागता. न मागता कोणी ओळखपत्र पाठवलं की तिथेच फोन ठेवा, खरा अधिकारी अनोळखी माणसाला असली कागदपत्रं वाटत फिरत नाही.

मग म्हणाला आर्मीचं पेमेंट अकाउंट सेक्शनमधून होतं, आधी व्हेरिफिकेशन. १० रुपयांचा कोड पाठवला, स्कॅन केला, पिन टाकला, १० गेले, दोन मिनिटांत २० आले. हे २० रुपये लक्षात ठेवा, सगळा डाव याच्यावर असतो. एकदा दुप्पट आले की हात थरथरत नाही.

७:४१ ला ९,२५० चा कोड. ‘आप नौ हजार दो सौ पचास डालिए, अठारह हजार पांच सौ आएगा.’ डोकं म्हणत होतं की पैसे घ्यायला पिन लागत नाही. पण तो सारखा बोलत होता, कॉल कट करू नका म्हणत होता, मागून शिट्ट्या आणि परेडचा आवाज येत होता. अंधार पडल्यावर रविवारी कसली परेड? हे पण आत्ता सुचतंय. टाकला पिन. काही आलं नाही. ‘एंट्री मिसमॅच हो गई, एक बार फिर से सेम अमाउंट, दोनों साथ में रिवर्स होगा.’ ७:४६ ला परत ९,२५०. मग ‘फुल अमाउंट’ची एंट्री लागेल म्हणून ७:५५ ला १८,५००. माझ्या खात्यात तेवढेच उरले होते. मग ८:०४ ला गाडीच्या गेटपासचं डिपॉझिट ११,०००, ते बायकोच्या फोनवरून, तिच्या भिशीचे. ती स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाली, अहो, विकणारे आपण आहोत ना, मग पैसे आपण का भरतोय? मी तिच्यावर ओरडलो. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

९,२५० अधिक ९,२५० अधिक १८,५०० अधिक ११,०००, झाले ४८,०००. आधीचे १० धरा, त्यांनी दिलेले २० वजा करा. ४७,९९०.

कोणी म्हणेल एवढा शिकलेला माणूस, कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, मायक्रॉनमधला फरक पकडतो आणि हे दिसलं नाही? चौथ्या वेळी का नाही थांबलास? कारण पहिले ३७,००० अडकलेत असं वाटत होतं आणि ते सोडवायचा एकच रस्ता दिसत होता. हावरटपणा नव्हता, मी फुकटचं काही मागत नव्हतो, माझ्या वस्तूची रास्त किंमत मागत होतो. त्या २३ मिनिटांत विचार करायला १० सेकंद मिळाले असते तरी वाचलो असतो. म्हणून सांगतो, फोनवर बोलता बोलता पैशाचं अ‍ॅप उघडायचं नाही. कोणीही असो. फोन ठेवा, पाणी प्या, घरातल्या माणसाला मोठ्याने सांगा काय करताय ते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन करायचा असतो. मी पावणेदोन तास घालवले, आधी त्यालाच परत परत फोन लावत बसलो, मग लाजेने गॅलरीत उभा राहिलो. तुम्ही तसं करू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात मिनिटांत पळतात, जेवढ्या लवकर तक्रार तेवढी रक्कम होल्ड होण्याची आशा. रात्री पावणेदहाला तक्रार नोंदवली, नंबर मिळाला.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशन. सव्वा तास बाकावर. मग हवालदार म्हणाला, ‘पिन तुम्हीच टाकला ना? मग फसवणूक कसली?’ मी समजावलं की खोटं नाव, खोटी वर्दी सांगून पैसे काढले, याला कायद्यात तोतयेगिरी म्हणतात, आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६ डी त्यासाठीच आहे. म्हणाला सायबरला जा. सायबरला गेलो, तिथे म्हणाले रक्कम छोटी आहे, तुमच्या हद्दीतल्या स्टेशनलाच जा. छोटी! माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी रक्कम यांना छोटी. परत स्टेशन, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी साहेब, पण कॉम्प्युटरवाला सुट्टीवर. तीन रजा गेल्या, त्या पण बिनपगारी, ते कुठे धरायचे?

शेवटी अर्ज लिहून घेतला. वाचायला दिला तर त्यात काय लिहिलेलं, ‘अर्जदार हे खेळण्यातील रणगाडा विकत असताना’. खेळण्यातील! मी म्हटलं साहेब, हे खेळणं नाही, स्केल मॉडेल लिहा. टेबलाभोवतीचे तिघे हसले. ‘अहो अठरा हजाराचं खेळणं कोण घेतो, तिथेच कळायला पाहिजे होतं तुम्हाला.’ त्या दिवशी घरी येताना मला पैशापेक्षा त्या हसण्याचा त्रास जास्त झाला. तक्रार घेऊन आलेल्या माणसाने काय विकावं, त्याची किंमत काय असावी, हे ठरवायचं काम यांचं आहे का? चोराने मला निदान सर तरी म्हटलं होतं.

एफआयआर नाहीच झाला, अर्जावर शिक्का मारून मिळाला. ती पोच हातात घेतल्याशिवाय उठू नका, सगळे स्क्रीनशॉट, व्यवहारांचे नंबर, वेळा कागदावर छापून न्या, फोन पुढे केला तर कोणी बघत नाही.

बँकेचं तर बोलायलाच नको. मॅनेजर म्हणे व्यवहार तुमच्या पिनने झालेत, आमची जबाबदारी नाही. बरं, मी मान्य केलं, पण एरवी ४९९ रुपयाच्या कार्ड खरेदीला मेसेजवर मेसेज पाठवता, आणि एका रविवारी संध्याकाळी १४ मिनिटांत तीन वेळा एकाच अनोळखी खात्याला पैसे गेले, खातं रिकामं झालं, तेव्हा एकदा विचारावंसं वाटलं नाही? उत्तर नाही. लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन जाता येतं, मी गेलोय, बघू. ४,१६० रुपये कुठल्याशा तिसऱ्याच खात्यात होल्ड झालेत असं कळलं, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणे. ४,१६० साठी वकील किती घेतो विचारलं, ५,००० म्हणाला.

इथपर्यंत माझं दुःख होतं, ते मी गिळलं असतं. पण मागच्या गुरुवारी नागपूरच्या एका मॉडेलर मित्राने स्क्रीनशॉट पाठवला, ‘अरे तू कूशाब एवढ्या स्वस्तात काढलास?’ बघतो तर माझेच सहा फोटो, माझ्याच टेबलावर, मागे माझीच कटिंग मॅट, आणि किंमत ७,०००. ‘एक्स आर्मी ऑफिसर, पोस्टिंग के कारण बेचना है, आधा एडवांस.’ मी मूर्खासारखे मोठ्या साइजचे, कुठलंही नाव न छापलेले फोटो त्याला वेगळे व्हॉट्सअ‍ॅप केले होते. फोटोवर आरपार नाव टाकल्याशिवाय कोणाला पाठवू नका. आणि विकत घेणाऱ्यांनो, मॉडेलशेजारी आजचा पेपर ठेवून फोटो मागा, किंवा व्हिडिओ कॉलवर टरेट फिरवून दाखवायला सांगा. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला दोन मिनिटं लागतात. कोणी राजी नसेल तर अर्धे काय, एक रुपया पाठवू नका. त्या साईटला दोनदा रिपोर्ट केलंय, जाहिरात उतरते आणि दुसऱ्या नावाने परत चढते.

म्हणून खूण सांगून ठेवतो. ऑलिव्ह ग्रीन सेंचुरियन, टरेटवर कॅनव्हासची गुंडाळी, डावीकडच्या मधल्या साइड प्लेटचा खालचा कोपरा आत वाकवलेला, आणि त्याच्या मागे ट्रॅकच्या चौथ्या-पाचव्या कडीत पाचटाच्या तीन पात्या, एक मोडलेली. असा रणगाडा कुठे विकायला दिसला तर तो विकायला नाहीये. तो माझ्या घरात शोकेसमध्ये आहे, मुलीची फी मी क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढून भरलीय.