डब्यावर शेवाळ, आत गवार डिंक: आतड्यांसाठीच्या फायबर पावडरचा वापरानंतरचा अनुभव

एका मापात फ्युकॉइडन, म्हणजे तपकिरी शेवाळातलं एक फायबर, नेमकं किती मिलिग्रॅम आहे, एवढंच कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारलं होतं. उत्तर आलं, 'फॉर्म्युला गोपनीय आहे.' पुन्हा विचारलं, लेखी विचारलं, तरी तेच. काही महिने रोज पोटात घालतोय ती वस्तू, आणि तिच्यात काय किती आहे ते मला कळू नये? या रागातूनच हे लिहितोय.

आधी गुठळ्यांबद्दल, कारण माझा रोजचा सगळ्यात जास्त वैताग त्यांचा होता. पाण्यात पावडर टाकली की बाहेरचे कण क्षणात फुगतात, त्यांचा चिकट पापुद्रा बनतो आणि आतली पावडर कोरडीच राहते. चमच्याने कितीही घोटा, गुठळी फुटत नाही. मिश्रणात अल्जिनेट आहे. तपकिरी शेवाळातला हा पदार्थ कॅल्शियम मिळताच जेल बनतो, त्यामुळे जड पाण्यात हाल आणखी वाढतात. 'कोमट पाणी वापरा' या कंपनीच्या सल्ल्याने काही फरक पडला नाही. फरक पडला तो पावडर आधी थोड्या साखरेत कोरडीच नीट मिसळून, मग गरगर फिरणाऱ्या मऊ पाण्यात हळूहळू भुरभुरवल्यावर. कण एकमेकांपासून सुटे राहतात आणि प्रत्येकाला पाणी मिळतं. ही एक ओळ डब्यावर छापायला काय जातं?

आता पोटाचं. सुरुवातीला गॅस आणि गुबारा भरपूर झाला. मात्रा निम्मी करून हळूहळू वाढवली तेव्हा तो ओसरला. नंतर मात्र गुण आला: शौचाची वेळ ठरली, अचानक धावपळ करावी लागणं थांबलं. आतड्याचं अस्तर 'दुरुस्त' झालं का, हे घरबसल्या सांगता येत नाही, आणि डब्यावरचा तसा दावा मी धरून चालत नाही. पण यामागचं शास्त्र पोकळ नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. क्लॉडिन, ऑक्लुडिन अशी प्रथिनं त्या पेशींमधल्या फटी बंद ठेवतात आणि वर श्लेष्माचं आवरण असतं. पेक्टिन, गवार डिंक यांसारखी पॉलिसॅकराइड्स, म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्या, आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवून ब्युटिरेट नावाचं छोटं मेदाम्ल बनवतात. तिथल्या पेशींची बरीचशी ऊर्जा त्यातूनच येते.

सुरुवातीला मी सगळं श्रेय शेवाळाला देत होतो. मग घटकांची यादी नीट वाचली. बहुतेक देशांत ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. इथे गवार डिंक पहिला, पेक्टिन दुसरं, अल्जिनेट मध्ये आणि फ्युकॉइडन अगदी तळाला. झाकणावर चित्र मात्र फक्त शेवाळाचं, आणि दरही शेवाळाचाच. शिवाय शेवाळातली पॉलिसॅकराइड्स फोडायची अवजारं प्रत्येकाच्या जिवाणूंकडे असतातच असं नाही. 2010 मधल्या एका प्रसिद्ध संशोधनात जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंत पॉर्फिरन (लाल शेवाळातलं पॉलिसॅकराइड) पचवणारी जनुकं सापडली होती. ती समुद्री जिवाणूंकडून आलेली होती. उत्तर अमेरिकी लोकांच्या नमुन्यांत ती दिसली नाहीत.

माझं मत सगळ्यात जास्त हललं ते 2016 च्या उंदरांवरच्या प्रयोगाने. आहारातलं फायबर काढून घेतल्यावर जिवाणूंनी श्लेष्मच खायला सुरुवात केली, आवरण पातळ झालं आणि संसर्गाने उंदीर जास्त आजारी पडले. इथपर्यंत पावडरच्या बाजूचंच वाटतं. पण त्याच प्रयोगात शुद्ध केलेलं प्रीबायोटिक (जिवाणूंना पोसणारं) फायबर देऊनही श्लेष्माची झीज थांबली नाही. अख्ख्या धान्या-भाज्यांच्या फायबरवरच्या उंदरांचं आवरण टिकलं. उंदरांचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरं. तरी तेव्हापासून मी पावडर जेवणातल्या फायबरच्या जागी घेत नाही, वरून घेतो, तीही आधीपेक्षा कमी.

दुसरा डबा आला तो जवळजवळ गुठळ्यांशिवाय. पावडर लगेच विरघळली, पाणी पातळच राहिलं. भेसळीचा संशय आला, पण यादीत आता 'अंशतः हायड्रोलाइज्ड गवार डिंक' लिहिलं होतं. म्हणजे साखळ्या तोडून लहान केलेला डिंक: घट्टपणा जातो, आंबण्याचा गुण राहतो. माझ्या पोटाला तो जास्त मानवला. हा बदल कंपनीने कळवायला हवा होता, तरी बदल चांगला आहे हे मान्य.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. चिकट फायबर काही गोळ्यांचं शोषण लांबवतं, म्हणून मी दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी फ्युकॉइडनबाबत आणि थायरॉइडवाल्यांनी शेवाळातल्या आयोडीनबाबत विशेष जपावं. आणि कोणतीही फायबर पावडर कोरडी गिळू नका, घशात फुगून अडकते.

तिसरा डबा मागवणार नाही. हायड्रोलाइज्ड गवार डिंक आणि पेक्टिन वेगवेगळे घेतले तर बरेच स्वस्त पडतात, आणि कशाचे किती ग्रॅम पोटात जातात ते मला माहीत असतं. प्रत्येक घटकाचं वजन छापलेला डबा या कंपनीने काढला, तर शेवाळासाठी जादा पैसे द्यायचे का ते तेव्हा बघेन.